टॅब्लेट बिघडला कीं बिघडविला ?

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

ज्या घरांत पूर्वीं मुलांच्या दप्तरांत दगडी पाटी असे, त्या घरांत आज कांचेची पाटी आली आहे. तिला आपण टॅब्लेट म्हणतों. नातवाचा अभ्यास, सुनेचे कचेरीचे कागद, आजोबांचें वर्तमानपत्र आणि आजींचें बँकेचें खातें हीं सारीं एकाच कांचेआड नांदत असतात. अशी ही पाटी एके दिवशीं विचित्र वागूं लागते. न बोलावतां जाहिराती डोकावतात, बोट एकीकडे ठेवावें तों दुसरेंच कांहीं उघडतें, आणि संध्याकाळपर्यंत पुरणारी बॅटरी दुपारींच मान टाकते. घरांतील मंडळींचें निदान तयारच असतें : “व्हायरस शिरला !”

हें निदान झालें कीं पुढें दोन प्रकारचीं माणसें दिसून येतात. एक ‘चालतें आहे तोंवर चालूं द्या’ असें म्हणून त्याच पाटीवरून बँकेचे व्यवहार करीत राहतो. दुसरा घाबरून जातो आणि कोणीतरी सांगितलें म्हणून पाटीवरचें सर्व कांहीं पुसून टाकतो. पहिल्याचे पैसे जाण्याचा संभव असतो. दुसऱ्याची वर्षानुवर्षांची ठेव, छायाचित्रें, पत्रें, मुलांचे आवाज, हें सारें क्षणांत नाहींसें होतें. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि सारी हयात मराठी शाळेंत मास्तरकी केली. परंतु गणित सोडवितांना पायऱ्या गाळूं नयेत, हें जें मुलांना रोज सांगितलें, तेंच येथेंहि उपयोगी पडतें असा अनुभव आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ‘व्हायरस’ हा शब्द आपण सरसकट वापरतों. संगणकाच्या बाबतींत तो १९८४ च्या सुमारास, अमेरिकेंतील फ्रेड कोहेन यांच्या संशोधनामुळें रूढ झाला. जी आज्ञावली स्वतःची प्रत दुसऱ्या आज्ञावलींत घुसवून पसरते, ती व्हायरस. १९८६ मध्यें लाहोरच्या दोघां भावांनीं ‘ब्रेन’ नांवाचा असा एक व्हायरस रचला आणि त्यांत आपलें नांव, पत्ता व दूरध्वनि क्रमांकहि घातला होता ! पुढें २००४ मध्यें ‘कॅबिर’ नांवाची कीड मोबाइलवर आली आणि ऑगस्ट २०१० मध्यें अँड्रॉइडवरचा पहिला संदेश-चोर उघडकीस आला. चित्रपट दाखविणारें ॲप असल्याची बतावणी करून तो मालकाच्या नकळत महागड्या क्रमांकांना संदेश पाठवी.

या शेवटच्या उदाहरणांत मर्म आहे. आपल्या टॅब्लेटवर जें शिरतें तें बहुधा व्हायरस नसतेंच. ट्रॉयच्या वेशींत लाकडी घोडा नगरवासीयांनींच ओढून आंत नेला, त्यासारखा हा प्रकार असतो. म्हणून त्याला ‘ट्रोजन’ म्हणतात. अशा सर्व उपद्रवी आज्ञावलींना मिळून ‘मॅलवेअर’ असें नांव आहे. चोर भिंत फोडून आला नाहीं, कडी आंतूनच निघाली, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे तपासाचा पहिला प्रश्न आपोआप ठरतो. ‘काय शिरलें ?’ असें विचारण्याआधीं ‘कोणीं, केव्हां आणि काय आंत घेतलें ?’ असें विचारावें.

परंतु त्याहिपूर्वीं, खरोखरच कांहीं शिरलें आहे काय, हें पाहिलें पाहिजे. साठवणीची जागा भरत आली म्हणजे टॅब्लेट मंदावतो. तीनचार वर्षांची बॅटरी म्हातारी होते आणि लवकर थकते. मूळ प्रणालीची नवी आवृत्ति उतरत असतांना यंत्र तापतें. यांपैकीं एकहि रोग नव्हे. ‘तुमच्या टॅब्लेटमध्यें तेरा व्हायरस आहेत, ताबडतोब हें बटण दाबा’ अशी जी लाल पाटी अधूनमधून झळकते, ती तर बहुतेक वेळां एखादें वेबपानच असतें. वेबपानाला आपल्या टॅब्लेटच्या पोटांतले व्हायरस मोजतां येत नाहींत. नाडी न पाहतां रस्त्यावरून ओरडणाऱ्या वैदूसारखें तें आहे. त्यावरचें कोणतेंहि बटण न दाबतां तें पान बंद करावें. अशाच सूचना वरच्या पट्टींत पुनःपुन्हां येत असल्या, तर केव्हां तरी कोणा संकेतस्थळाला ‘सूचना पाठवूं द्या’ अशी परवानगी दिली गेलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्यें जाऊन ‘नोटिफिकेशन्स’ या सदरांत ती काढून घेतली कीं व्हायरस न मारतांच रोग बरा होतो.

मग खरीं लक्षणें कोणतीं ? कोणतेंहि ॲप उघडें नसतां, नुसत्या पहिल्या पडद्यावर जाहिरात येणें. आपण न घेतलेलें ॲप यादींत दिसणें. रात्रीं टॅब्लेट निजलेला असतां इंटरनेटचा डेटा खर्च होणें. एखादें सेटिंग उघडूं जावें तों तें आपोआप मिटणें. न मागतां बँकेचे ओटीपी येऊं लागणें. यांपैकीं एकहि दिसलें तर शंका रास्त समजावी. शेवटचीं दोन दिसल्यास क्षणाचाहि विलंब करूं नये.

आतां उपायांचा क्रम. पहिली पायरी ही कीं, टॅब्लेटचा बाहेरच्या जगाशीं संबंध तोडावा. ‘एअरप्लेन मोड’ लावावा आणि वायफाय खरोखर बंद झालें आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. चोर घरांत असला तरी त्याला माल बाहेर नेण्याची वाट राहूं नये, हा हेतु. दुसरी पायरी, त्या टॅब्लेटवर बँकेचें खातें असेल तर दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बँकेचा व ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि बँकेला कळवावें. संशयित टॅब्लेटवरूनच नवा पासवर्ड घालणें म्हणजे नव्या कुलपाची किल्ली चोराच्याच हातीं देण्यासारखें आहे.

पुढच्या पायऱ्या एका खऱ्या प्रसंगावरून सांगितल्या म्हणजे अधिक स्पष्ट होतील. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान माझे स्नेही. त्यांना जाऊन दोन वर्षें झालीं. त्यांच्या टॅब्लेटवर वहिनींचें कुटुंब-निवृत्तिवेतनाचें खातें आहे आणि त्याच टॅब्लेटवर दहा वर्षांचा नातू खेळतो. पहिल्या पडद्यावर दर चारपांच मिनिटांनीं जाहिराती येऊं लागल्या. मुंबईच्या पुतण्यानें फोनवरून निकाल दिला, ‘सगळें पुसून टाका.’ वहिनी मजकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, पुसायचें म्हणजे ह्यांचे फोटोहि जातील ना ? शेवटच्या दिवाळीचे आहेत. दुसरीकडे कोठेंच नाहींत.”

नातू दाराआड उभा होता. त्याला कोणीं रागावूं नये असें मीं आधींच सांगून ठेवलें आणि मग विचारलें, “बाळ, जाहिराती कोणत्या वारापासून येतात ?” तो म्हणाला, “गुरुवारपासून, आजोबा.” “आणि बुधवारीं काय नवें घेतलेंस ?” थोडें थांबून उत्तर आलें : वर्गांतल्या मित्रानें दुवा पाठविला होता, क्रिकेटचा खेळ, फुकट नाणीं मिळत होतीं, खेळ प्ले स्टोअरमधला नव्हता, आणि उतरवितांना त्यानें जी जी परवानगी मागितली, ती ती यानें दिली होती. अर्धा तपास येथेंच झाला.

उरलेल्या अर्ध्यासाठीं ‘सेफ मोड’ नांवाची सोय अँड्रॉइडमध्यें आहे. बऱ्याच टॅब्लेटवर चालूबंदचें बटण दाबून धरावें आणि पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ हीं अक्षरें आलीं कीं त्यांवर बोट तसेंच ठेवून द्यावें. मग सेफ मोडबद्दल विचारणा होते. कांहीं कंपन्यांची रीत निराळी असते, ती त्यांच्या माहितीपत्रकांत मिळते. या अवस्थेंत मूळ प्रणाली तेवढी जागी राहते व आपण बाहेरून उतरविलेलीं सर्व ॲप्स निजलेलीं असतात. आतां येथें एक बारीक गोष्ट आहे. इंटरनेट बंद असतां जाहिराती थांबल्या, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण बहुतेक जाहिराती येतात त्याच इंटरनेटवरून. म्हणून सेफ मोडमध्यें गेल्यावर आम्हीं वायफाय पुन्हां सुरू केलें आणि घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली. एकहि जाहिरात आली नाहीं. अर्थात् दोष मूळ प्रणालींत नसून उतरविलेल्या ॲपांत आहे, हें ठरलें. बीजगणितांत एक अज्ञात संख्या स्थिर ठेवून दुसरी काढावी, तसलाच हा न्याय.

मग सेटिंग्जमधील ॲप्सची संपूर्ण यादी उघडली. पडद्यावरचीं चित्रें पाहून भागत नाहीं. लबाड ॲप आपलें चित्र लपवितें, पण यादींतून सहसा लपूं शकत नाहीं. खेळाच्या खालीं एक नोंद होती, जिला धड नांवहि नव्हतें. ‘अनइन्स्टॉल’ हें बटण मात्र फिकें. दाबलें तर दबेना. असें झालें म्हणजे सेटिंग्जमध्यें ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ हें सदर शोधावें. तेथें त्या ॲपानें आपल्याला कारभारी नेमून घेतलेलें असतें. तो अधिकार काढला कीं काढून टाकण्याचें बटण जिवंत होतें. तसेंच झालें. खेळ गेला, आणि ती निनांवी नोंदहि गेली.

पण वहिनींच्या खात्याचा प्रश्न राहिला होता. सेटिंग्जमध्यें ‘ॲक्सेसिबिलिटी’ म्हणून एक सदर आहे. दृष्टिहीन व अपंग व्यक्तींना यंत्र वापरतां यावें, म्हणून एखाद्या ॲपाला पडद्यावरचा मजकूर वाचण्याची आणि मालकाच्या वतीनें बटणें दाबण्याची शक्ति तेथून देतां येते. हेतु थोर आहे. परंतु बँकेवर डोळा ठेवणारें मॅलवेअर नेमकी हीच शक्ति मागतें. क्रिकेटच्या खेळाला पडदा वाचण्याचें कारण काय ? काढून टाकण्यापूर्वीं त्या खेळाचें नांव आम्हांला या सदरांत दिसलें होतें. म्हणून नुसतें ॲप काढून थांबणें मला योग्य वाटलें नाहीं. केवळ जाहिरातींचा उपद्रव असेल तर ॲप काढणें पुरेसें आहे. जेथें पडदा वाचण्याची किंवा संदेश वाचण्याची परवानगी गेली आणि टॅब्लेटवर पैशाचा व्यवहार आहे, तेथें मूळ स्थितीला नेणें, म्हणजे ‘फॅक्टरी रिसेट’, हाच सुरक्षित मार्ग.

मात्र तें शेवटीं, आणि तयारी करून. वहिनींचे फोटो आम्हीं तार जोडून संगणकावर उतरविले. उघडून, मोजून पाहिले. नंतर एका पेन ड्राइव्हवर त्यांची दुसरी प्रत केली. फोटो व कागद घ्यावे. ‘एपीके’ अशा शेपटाच्या फाइली घेऊं नयेत, कारण त्या ॲपच्याच मुळ्या होत. गूगलच्या खात्याचें नांव व पासवर्ड आधींच कागदावर लिहून ठेवला. २०१५ पासून अँड्रॉइडमध्यें चोरीपासून संरक्षण म्हणून अशी योजना आहे कीं, पुसल्यानंतर पूर्वीच्या खात्याची ओळख मागितली जाऊं शकते. ती देतां आली नाहीं तर मालकालाच आपली पाटी परकी होते. एवढें झाल्यावर टॅब्लेट पुसला, मूळ प्रणालीची ताजी आवृत्ति घातली आणि लागतील तेवढींच ॲप्स प्ले स्टोअरमधून एक एक करून घेतलीं. जुनीं सर्व ॲप्स एकदम परत आणण्याची सूचना यंत्र करतें. ती स्वीकारली तर हाकललेला पाहुणा मागच्या दारानें येण्याचा संभव असतो.

याबरोबरच ‘प्ले प्रोटेक्ट’चा उपयोग करावा. २०१७ पासून ही तपासणीची सोय गूगलनें दिली आहे. प्ले स्टोअरमध्यें आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवलें कीं ती सांपडते. ती आपण बंद न करतां बंद झालेली दिसली, तर तेंहि एक लक्षण समजावें. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २०१७ च्या फेब्रुवारींत ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलें. यंत्रांतील मॅलवेअर ओळखण्याचीं व काढण्याचीं मोफत साधनें देण्यासाठींच तें आहे. मात्र धास्तीनें चारपांच ‘क्लीनर’ ॲप्स उतरविण्याचा मोह टाळावा. त्यांतील कित्येक स्वतःच जाहिरातींवर जगतात.

ज्यांच्याकडे आयपॅड आहे त्यांच्या बाबतींत घोटाळा बहुधा निराळा असतो. तेथें कॅलेंडरमध्यें ‘तुमचें यंत्र धोक्यांत आहे’ अशा नोंदी उगवतात. तो व्हायरस नसून चुकून जोडलें गेलेलें परकें कॅलेंडर असतें. तें काढलें कीं झालें. ‘जनरल’ या सदराखालीं ‘व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट’ येथें एखादें अनोळखी ‘प्रोफाइल’ आहे काय, तेंहि पाहावें.

आतां सर्वांत कठीण प्रकार. पुसून कोरा केलेला टॅब्लेट आठ दिवसांत पुन्हां तसाच वागूं लागला तर ? तर दोष मूळ प्रणालींतच असूं शकतो. ‘ट्रायडा’ नांवाचें मॅलवेअर २०१६ मध्यें उजेडांत आलें. आणि २०१९ मध्यें गूगलनेंच सांगितलें कीं, कांहीं यंत्रांत तें विक्रीपूर्वींच, पुरवठ्याच्या साखळींतील एका मध्यस्थाकडून, मूळ प्रणालींत शिरलेलें होतें. २०१९ मध्येंच ‘एक्सहेल्पर’ नांवाचा एक चिवट प्रकार आढळला. जुन्या अँड्रॉइडवर तो मूळ प्रणालीच्या भागांत जाऊन बसे, म्हणून पुसलें तरी परत येई. २०२३ मध्यें ‘बॅडबॉक्स’ हें प्रकरण निघालें. त्यांत टीव्हीला जोडण्याच्या स्वस्त डब्यांबरोबर टॅब्लेटहि होता. डिसेंबर २०२४ मध्यें जर्मनीच्या सरकारी सुरक्षा-कार्यालयानें अशा सुमारें ३०,००० यंत्रांचा त्यांच्या चालकांशीं असलेला संबंध तोडला, आणि जून २०२५ मध्यें अमेरिकेच्या एफबीआयनें नागरिकांना याबद्दल सावध केलें.

यावरून घेण्याचा धडा व्यवहाराचा आहे. नांवगांव नसलेला, अतिस्वस्त टॅब्लेट घेतांना प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्यें ‘अबाउट’खालीं पाहावें, ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असे शब्द तेथें असावेत. नसतील तर तें यंत्र दुकानदाराला परत करावें. परत होत नसेल तर त्यावर बँकेचें, ई-मेलचें किंवा घरच्या खाजगी गोष्टींचें कांहीं ठेवूं नये, आणि घरच्या वायफायलाहि जोडूं नये. दोन हजारांची वस्तु वांचविण्यासाठीं दोन लाखांचें खातें उघडें टाकणें हा हिशेब कोणत्याहि इयत्तेंत चूकच ठरेल.

आणि पैसे गेलेच तर ? तर टॅब्लेट दुरुस्त करीत बसूं नये. ताबडतोब बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर-गुन्हे मदत क्रमांकाला दुसऱ्या फोनवरून कळवावें. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरहि तक्रार देतां येते. गेलेला पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा पळत असतो. तो कोठें तरी अडविण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. पुसण्याची घाईहि करूं नये. संदेशांचे, व्यवहारांचे व त्या ॲपच्या नांवाचे फोटो दुसऱ्या फोननें काढून ठेवावेत, म्हणजे पोलिसांना पुरावा राहील.

चोर कोणत्या वेषांत येतो हेंहि जाणून असावें. २०२४ च्या लग्नसराईंत हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनीं लोकांना इशारा दिला कीं, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून जी फाइल येते, ती पत्रिका नसून ॲप असतें. वाहनाच्या दंडाची पावती म्हणूनहि अशींच ॲप्स पाठविलीं जातात. पत्रिका वाचावयाला कांहीं ‘इन्स्टॉल’ करावें लागत नाहीं, एवढें एक वाक्य घरांत सर्वांना पाठ असलें तरी पुष्कळ अनर्थ टळेल. अँड्रॉइडच्या २०१७ च्या आवृत्तीपासून बाहेरचीं ॲप्स घेण्याची परवानगी प्रत्येक ॲपाला वेगवेगळी द्यावी लागते. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ या सदरांत व्हॉट्सॲप, ब्राउझर वगैरे सर्वांपुढची ती परवानगी आज रात्रींच बंद करून ठेवावी. पांच मिनिटांचें काम आहे.

शेवटीं यंत्राविषयीं नव्हे, माणसांविषयीं एक शब्द. माझ्या पाहण्यांत जीं नुकसानें मोठीं झालीं, तीं मॅलवेअरच्या हुशारीपेक्षां घरांतल्या भीतीमुळें अधिक वाढलीं. मुलगा रागावण्याच्या भयानें आजोबा दोन दिवस गप्प राहतात. मार बसेल म्हणून नातू बोलत नाहीं. आणि त्या दोन दिवसांत खातें रिकामें होतें. वहिनींच्या नातवानें ‘गुरुवारपासून’ हा एक शब्द खरा सांगितला, म्हणून पुढची वाट सांपडली. त्या पोरानें तो लपविला असता तर सेफ मोड आणि प्ले प्रोटेक्ट दोन्ही असूनहि आम्ही बराच काळ अंधारांत चांचपडत बसलों असतों. म्हणून ज्या घरांत कांचेची पाटी आहे, त्या घरांत एक नियम असावा : जो चूक लवकर सांगेल त्याला शिक्षा नाहीं. हा नियम पाळला जात असेल, तर उरलेल्या पायऱ्या कोणालाहि क्रमानें चढतां येतील.